टाळण्यातून मिळणारी सुटका : बारा आठवड्यांच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

मानसशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमात शिकलेल्या संकल्पना रोजच्या वागण्याला लावून पाहायच्या, हा या प्रकल्पाचा विषय आहे आणि त्याची मुदत बारा आठवड्यांची आहे. या संकल्पना मला पाठ आहेत, उत्तरपत्रिकेत त्या मुद्देसूद लिहिताही येतात. पण कामाचा फोन वाजला की मी तो का उचलत नाही, या साध्या प्रश्नाचे उत्तर मला आजवर नीट देता आलेले नाही. मी मुद्रितशोधनाचे काम करते. वाचण्यात माझ्याकडून चालढकल होत नाही, मुद्रिते ठरल्या दिवशी परत जातात. अडते ते बोलण्यापाशी. फोन वाजत राहतो, मी तो वाजू देते आणि नंतर दोन-दोन दिवस उलट फोन करत नाही. निरीक्षणासाठी मी हेच वर्तन निवडले आहे.

माझी एक सहाध्यायी याच काळात स्वतःच्या झोपेची नोंद ठेवणार आहे. दर रविवारी आम्ही एकमेकींच्या वह्या वाचणार आहोत. तिच्याविषयी येथे जे लिहीन ते आधी तिला दाखवून, तिच्या संमतीनेच लिहीन.

वहीत तीन रकाने आखले आहेत : आधी काय घडले, मी काय केले आणि लगेच नंतर काय झाले. नियम एकच, पण कडक : रकान्यात विशेषण येता कामा नये. ‘आळस केला’ असे लिहायचे नाही. ‘फोन सहा वेळा वाजला, मी तो पालथा ठेवला’ असे लिहायचे. शेजारी बसलेल्या माणसाला जे दिसले किंवा ऐकू आले असते, तेवढेच वर्तन म्हणून धरायचे. मनात आलेला विचार लिहायचा झाला तर तो अवतरणचिन्हांत, आला तसाच.

११ जानेवारी

पहिल्या आठवड्यात काहीही बदलायचे नव्हते, नुसते मोजायचे होते. बदलाआधीच्या या मोजणीला आधाररेषा म्हणतात आणि ती नसेल तर पुढे सुधारणा झाली की नाही हे केवळ आठवणीवर ठरवावे लागते. आठवणीवर विसंबणे धोक्याचे असते, कारण जे ठळक आणि अलीकडचे असते तेच सहज आठवते आणि जे सहज आठवते ते वारंवार घडते असा आपला समज होतो. एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी १९७३ मध्ये या प्रवृत्तीचे सविस्तर वर्णन केले आहे.

मात्र मोजणी करताना एक अडचण आली. पहिल्या तीन दिवसांत मी आलेले जवळजवळ सगळे फोन उचलले. वही समोर उघडी होती, रकाना रिकामा होता आणि त्यात काय लिहावे लागेल हे मला फोन वाजताक्षणीच दिसत होते. स्वतःवर नजर ठेवली की वर्तन तेवढ्यापुरते बदलते, हे पुस्तकात वाचले होते. ते इतक्या लवकर आणि इतके स्पष्ट दिसेल असे वाटले नव्हते. चौथ्या दिवसापासून वही सवयीची झाली आणि जुने वागणे परत आले. म्हणून आधाररेषेचा काळ आणखी एक आठवडा वाढवला आहे आणि पहिले तीन दिवस हिशेबातून वगळले आहेत.

१८ जानेवारी

वगळलेले दिवस सोडून अकरा दिवसांत कामाचे सतरा फोन आले. त्यांपैकी चार उचलले. न उचललेल्या तेरांपैकी दोनच फोन त्याच दिवशी परत केले.

ही संख्या मला अपेक्षित होती. अपेक्षित नव्हता तो तिसरा रकाना. मंगळवारी दुपारची एक नोंद येथे जशीच्या तशी उतरवते, कारण पुढचा सगळा प्रकल्प तिच्यावर उभा आहे.

‘आधी : टेबलावर फोन थरथरला, पडद्यावर ग्राहकाचे नाव दिसले, छातीत धस्स झाले. “मुद्रितात काहीतरी चूक राहिली असणार.” वर्तन : आवाज बंद केला, फोन पालथा ठेवला, पेन्सिल उचलली. नंतर : थरथर थांबली. खांदे खाली आले. एक लांब श्वास आपोआप सुटला.’

खांदे खाली आले, हे लिहिताना माझ्या लक्षात आले की आजवर मी फोनची भीती पाहत होते, पण फोन टाळल्यानंतर मिळणारी ही सुटका कधीच पाहिली नव्हती. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये मांजरांना अडसर लावलेल्या पेट्यांत ठेवून प्रयोग केले. ज्या हालचालीने दार उघडे, ती हालचाल पुढच्या खेपांना अधिकाधिक लवकर होऊ लागे. समाधानकारक परिणाम ज्या कृतीमागून येतो ती कृती पक्की होते, असा त्यांचा परिणामाचा नियम आहे. बी. एफ. स्किनर यांनी पुढे प्रबलनाचे दोन प्रकार वेगळे केले. हवीशी गोष्ट मिळाल्याने वर्तन वाढले तर ते धन प्रबलन आणि नकोशी गोष्ट दूर झाल्याने वाढले तर ते ऋण प्रबलन. परीक्षेत अनेक विद्यार्थी ऋण प्रबलनाला शिक्षा समजतात आणि मीही एकदा तसेच लिहून आले होते. शिक्षेने वर्तन कमी होते; ऋण प्रबलनाने ते वाढते. फोन पालथा ठेवला की थरथर थांबते, धस्स झालेले काळीज जागेवर येते आणि ‘पालथा ठेवणे’ ही कृती आणखी थोडी पक्की होते.

ओ. एच. माउरर यांनी १९४७ मध्ये मांडलेल्या दोन घटकांच्या उपपत्तीत हीच साखळी आहे. आधी एखादी निरुपद्रवी खूण भीतीशी जोडली जाते. नंतर ती खूण टाळल्याने भीती तात्पुरती ओसरते आणि हे ओसरणेच टाळण्याला खतपाणी घालते. यात सर्वांत वाईट भाग असा की टाळणाऱ्याला खरी परिस्थिती कधी कळतच नाही. तेरा फोन मी उचलले नाहीत. त्यांपैकी किती जणांना चुकीबद्दल बोलायचे होते हे मला माहीत नाही आणि त्या अज्ञानावरच माझी भीती तग धरून आहे.

२१ जानेवारी

आज एक लहान नोंद करते. ज्या ग्राहकाचे फोन मी सर्वांत जास्त टाळते, त्याने माझ्या दोन ईमेलना चार दिवस उत्तर दिले नव्हते आणि वहीच्या समासात मी ‘बेफिकीर माणूस’ असे लिहून ठेवले होते. विशेषण असलेला हा शेरा नियमाविरुद्ध आहेच, शिवाय मी स्वतः त्याचे तीन फोन परत केलेले नाहीत आणि त्याचे कारण मी ‘मनावर ताण होता’ असे मानत आले आहे. दुसऱ्याच्या वागण्याला स्वभाव आणि आपल्या वागण्याला परिस्थिती कारण मानणे, हे गुणारोपणातले, म्हणजे वागण्याची कारणे ठरवण्यातले, जुने पक्षपाती गणित आहे. एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांच्या १९६७ च्या प्रयोगात, निबंधाची बाजू लेखकाला नेमून दिलेली होती हे सांगूनही वाचकांनी ते मत लेखकाचेच असावे असा निष्कर्ष काढला होता. दुसऱ्याच्या वागण्यामागची परिस्थिती अशी दुर्लक्षिण्याच्या प्रवृत्तीला ली रॉस यांनी १९७७ मध्ये मूलभूत गुणारोपण दोष हे नाव दिले. समासातले ते शब्द मी खोडले आहेत आणि त्याच ओळीत ‘चार दिवस उत्तर नाही, कारण अज्ञात’ असे लिहिले आहे.

२६ जानेवारी

सहाध्यायीची वही वाचली. ती रात्री साडेदहाला अंथरुणावर जाते, झोप येते एक-दीडनंतर. मधले अडीच-तीन तास ती तेथेच पडून फोन पाहते, उद्याच्या कामांचा विचार करते, कूस बदलते आणि दर थोड्या वेळाने घड्याळ पाहून झोपेला किती तास उरले याची वजाबाकी करते. एका पानावर तिने लिहिले आहे : ‘दिवाणखान्यात डोळे मिटत होते. अंथरुणावर पाठ टेकली आणि टक्क जाग आली.’

हे वाक्य मी तिला परत वाचून दाखवले. इव्हान पाव्हलॉव्ह पचनक्रियेचा अभ्यास करत होते, १९०४ चे नोबेल पारितोषिकही त्यांना त्याच कामासाठी मिळाले. पण कुत्र्यांच्या लाळेचे त्यांचे निरीक्षण आपल्याला आठवते, कारण एकीमागून एक येणाऱ्या दोन गोष्टींपैकी पहिली दुसरीची वर्दी देऊ लागते हे त्यातून स्पष्ट झाले. सहाध्यायीच्या बाबतीत अंथरूण झोपेची वर्दी देत नाही. ते आता जागेपणाची वर्दी देते.

रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये याच विचारावर निद्रानाशासाठी उद्दीपक नियंत्रणाची पद्धत मांडली. झोप दाटून आल्यावरच अंथरुणावर जावे. अंथरूण वाचन, फोन, काळजी यांसाठी वापरू नये. साधारण पंधरा-वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जावे आणि पुन्हा झोप आली की परतावे. रात्र कशीही गेली असली तरी सकाळी ठरल्या वेळीच उठावे. दिवसा झोपू नये. तिने हे सगळे आजपासून करायचे ठरवले आहे. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवण्याची कल्पना तिची स्वतःची. सुरुवातीचे काही दिवस झोप कमीच होणार, तेव्हा त्या दिवसांत तिने वाहन चालवू नये, असे मी आग्रहाने सांगितले आणि तिने ते मान्य केले.

२ फेब्रुवारी

माझ्या बाजूने बदल सुरू केला. भीती वाटणाऱ्या प्रसंगांची शून्य ते दहा अशी चढती शिडी केली. ओळखीच्या ग्राहकाला पोच कळवण्यासाठी मी होऊन फोन करणे : तीन. ओळखीच्या ग्राहकाचा फोन उचलणे : पाच. अनोळखी क्रमांक उचलणे : सहा. स्वतःची चूक सांगण्यासाठी फोन करणे : नऊ. वर ज्याच्याविषयी लिहिले त्या ग्राहकाचा फोन उचलणे : नऊ.

‘यापुढे फोन उचलेन’ असा नुसता निश्चय मी याआधीही अनेकदा केला आहे. पीटर गॉलविट्झर यांनी १९९९ च्या लेखात दाखवल्याप्रमाणे, कधी आणि कोणत्या खुणेवर काय करायचे हे ‘जर–तर’ स्वरूपात ठरवले तर हेतू कृतीत उतरण्याची शक्यता वाढते. म्हणून माझे वाक्य असे आहे : ‘जर फोन थरथरला, तर पेन्सिल खाली ठेवीन आणि दुसऱ्या घंटेच्या आत उचलीन.’ पेन्सिल खाली ठेवणे ही क्षुल्लक वाटणारी हालचाल मी मुद्दाम घातली आहे, कारण पेन्सिल हातात असली की कामात असल्याची सबब आपोआप तयार होते.

वहीत दोन रकाने वाढवले : ‘काय घडेल असे वाटते’ आणि ‘काय घडले’. भीतीचा सामना करताना भीती किती उतरली यापेक्षा अपेक्षा किती चुकली हे पाहावे, असे मिशेल क्रास्क यांच्या कामातून पुढे आले आहे आणि मला ते पटते. पहिली नोंद अशी : ‘वाटते : रागावतील, उत्तर सुचणार नाही. घडले : पुढच्या प्रकरणाची मुद्रिते कधी पाठवू असे विचारले. बोलणे दोन मिनिटांत संपले.’

१२ फेब्रुवारी

दहा दिवसांत बारा फोन आले, नऊ उचलले. पण येथे लिहायची गोष्ट दुसरी आहे. सहा तारखेला त्या ग्राहकाचा फोन आला, मी तो उचलला आणि माझी अपेक्षा खरी ठरली. एका शीर्षकातली चूक माझ्या नजरेतून सुटली होती आणि तो कठोर शब्दांत बोलला. फोन ठेवल्यावर माझे हात गार पडले होते. पुढचे तीन फोन मी पालथे ठेवले.

त्या रात्री मला सगळे प्रयत्न वाया गेल्यासारखे वाटले आणि मी तसे अवतरणचिन्हांत लिहूनही ठेवले : “मी पुन्हा होते तिथेच आले.” दुसऱ्या दिवशी शांतपणे वाचल्यावर या विचारात दोन चुका दिसल्या. पहिली अशी की विलोपनात, म्हणजे खुणेमागून वाईट काही न घडल्याने भीती विझत जाते तेव्हा, जुने शिकणे पुसले जात नाही. त्याच्या शेजारी नवे शिकणे उभे राहते. पाव्हलॉव्ह यांच्या कुत्र्यांतही विझलेला प्रतिसाद काही काळाने आपोआप परत दिसे. भीती परत आली याचा अर्थ नवे शिकणे नाहीसे झाले असा होत नाही. दुसरी चूक हिशेबाची होती : एका प्रसंगावरून मी सगळ्या प्रसंगांबद्दल निर्णय दिला. ॲरन बेक यांनी नैराश्याच्या रुग्णांत ओळखलेल्या विचारदोषांपैकी अतिसामान्यीकरण ते हेच.

मग मी ‘काय घडले’ हा रकाना पूर्ण भरला. त्याने सुनावले, हे खरे. मी चूक मान्य केली, दुरुस्त पान अर्ध्या तासात पाठवले, त्याने पोच दिली आणि पुढचे काम काढून घेतले नाही, हेही तितकेच खरे. आणि ‘उत्तर सुचणार नाही’ हे भाकीत तर साफ चुकले होते. प्रसंग वाईट होता आणि मी त्यातून पार पडले, ही माहिती मला फोन पालथा ठेवून कधीच मिळाली नसती.

फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९६ जणांनी बारा आठवडे एक नवी सवय लावून घेण्याचा प्रयत्न केला. सवय अंगवळणी पडायला लागणारा मध्यक काळ ६६ दिवसांचा निघाला आणि माणसागणिक तो १८ पासून अंदाजे २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. मला त्यातला जो निष्कर्ष आज उपयोगी पडला तो असा की एखादी संधी चुकल्याने सवय घडण्यात फारसा अडथळा आला नाही. चुकलेल्या तीन फोनसमोर मी आज फक्त तारीख लिहिली, आणखी काही नाही.

१९ फेब्रुवारी

रात्री त्या बोलण्याची उजळणी होत राहते. विचार करायचा नाही असे ठरवले की तो अधिक येतो. डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ च्या प्रयोगात सहभागी व्यक्तींना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्यास सांगितले होते. तरी ते मनात आलेच आणि नंतर मोकळीक मिळाल्यावर, आधी विचार दाबलेल्यांना ते जास्त वेळा आले. विचार ढकलणे हेसुद्धा टाळणेच आहे, हे मला आतापर्यंत जाणवले नव्हते.

थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये काळजीसाठी रोज ठराविक जागी अर्धा तास राखून ठेवण्याची पद्धत तपासली होती. काळजी मनात आली की ती ओळखायची, त्या अर्ध्या तासावर टाकायची आणि हातातल्या कामाकडे परतायचे. मी संध्याकाळी सहाची वेळ ठेवली आहे. सहा वाजता यादी घेऊन बसले की त्यातल्या निम्म्या गोष्टींवर पाच मिनिटेही काळजी करवत नाही, असे तीन दिवस दिसले आहे.

१ मार्च

आजची नोंद सहाध्यायीबद्दल आहे आणि ती तिच्या शेजारी बसून लिहीत आहे.

फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तिची झोप सुधारत होती. नंतरच्या वहीत वेगळे दिसू लागले. पहाटे चारला जाग, मग झोप नाही. ‘जेवले नाही’ हे शब्द एका आठवड्यात पाच वेळा. ज्या गोष्टी तिला मनापासून आवडतात त्यांच्यासमोर रिकामी ओळ. आणि एका पानाच्या तळाशी, अवतरणचिन्हांत : “मी नसले तरी कोणाचे काही अडणार नाही.”

ते वाक्य वाचल्यावर मी वही मिटली आणि तिला सरळ विचारले, “जीव द्यावा असे मनात येते का तुझ्या?” असा प्रश्न विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जातो, हा समज चुकीचा आहे, विचारल्याने बहुधा माणसाला बोलायला वाट मिळते. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “तसे काही करणार नाही. पण सकाळी उठूच नये असे वाटते. तू विचारलेस ते बरे केलेस.”

बहुतेक दिवसभर आणि जवळजवळ रोज, किमान दोन आठवडे टिकलेली उदासी किंवा कशातच रस न वाटणे, त्यासोबत झोप, भूक, थकवा, एकाग्रता, स्वतःविषयीची निरर्थकतेची भावना यांतले बदल, या गोष्टी नैराश्याच्या निदानात पाहिल्या जातात. पण निदान करणे हे माझे काम नाही आणि हा प्रकल्प उपचार नाही. पीटर लेविन्सन यांच्या १९७० च्या दशकातल्या कामातून वर्तन सक्रियतेची, म्हणजे रोजची छोटी कामे ठरवून करण्याची, पद्धत उभी राहिली आणि १९९६ मध्ये नील जेकबसन व सहकाऱ्यांनी तुलना केली तेव्हा ती पद्धत विचारांवरही काम करणाऱ्या संपूर्ण बोधात्मक उपचाराइतकीच परिणामकारक दिसली, हे मला माहीत आहे. तिला रोजची छोटी कामे ठरवून देण्याचा मोह मला झालाही. तो मी आवरला, कारण जिवाच्या प्रश्नात अर्धवट शिकलेल्या मैत्रिणीने प्रयोग करू नयेत.

मी मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्याविषयी बोलले. “तू सोबत येशील?” एवढेच तिने विचारले. भेटीची वेळ मी फोन करून घेतली. अनोळखी क्रमांक, शिडीवर सहा; त्या वेळी आकडा आठवलासुद्धा नाही. त्या रात्री मी तिच्याकडेच राहिले.

७ मार्च

भेट झाली. तिने वही सोबत नेली होती. डॉक्टरांनी ती पाने सावकाश वाचली, तारखांवर बोट ठेवून प्रश्न विचारले आणि पुष्कळ दिवसांचे जे तिला सांगता आले नसते ते विशेषणे वगळून लिहिलेल्या त्या ओळींतून त्यांना मिळाले. उपचार सुरू झाले आहेत. त्यांचे तपशील तिचे खाजगी आहेत. रविवारची आमची बैठक चालू राहील, मात्र तिची नोंद आता तिच्या उपचारकर्त्यांच्या सांगण्यानुसार असेल.

१५ मार्च

एका संकल्पनेला मी या प्रकल्पात जाणीवपूर्वक जागा दिली नाही. इच्छाशक्ती हा मर्यादित साठा आहे आणि वापरल्याने तो आटतो, ही रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडलेली कल्पना अनेक पाठ्यपुस्तकांत ठाम सत्य म्हणून येते. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून एकाच आराखड्याने ती तपासली तेव्हा परिणाम शून्याच्या जवळ निघाला. ‘आज साठा संपला’ हे न उचललेल्या फोनचे फार सोयीचे कारण झाले असते, म्हणूनही मी ती बाजूला ठेवली.

२८ मार्च

शेवटच्या दोन आठवड्यांत एकोणीस फोन आले. सोळा उचलले, उरलेले तीन त्याच दिवशी परत केले. छातीत धस्स होणे थांबलेले नाही, पण दुसऱ्या घंटेपर्यंत पेन्सिल खाली गेलेली असते. या आकड्यांवरून इतरांविषयी काही सिद्ध होत नाही. निरीक्षण एकाच व्यक्तीचे आहे आणि नोंदवणारीही तीच आहे. जूनअखेर पुन्हा दोन आठवडे मोजणी करणार आहे.

शिडीवरची एक पायरी राहिली होती. काल छपाईला जायच्या पानात माझ्याकडून राहिलेली एक तारखेची चूक मला स्वतःला सापडली आणि काम त्याच ग्राहकाचे होते. वहीतली नोंद : ‘वाटते : पुन्हा तसेच बोलेल, कदाचित काम काढून घेईल. भीती नऊ. वर्तन : सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी मी फोन केला, चूक सांगितली. घडले : “छपाईआधी सांगितलेत, हे चांगले झाले,” असे म्हणाला. पान क्रमांक विचारला. मागून लहान मुलाच्या रडण्याचा आवाज येत होता. रात्रभर झोप नाही, असे तो म्हणाला. नंतर : फोन ठेवला. खांदे खाली आले.’

सहाध्यायीने ही नोंद आज वाचली आणि शेवटच्या तीन शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढली.